निळी चमक आणि पिग्मी स्लॉथ: त्या मेसेजला उत्तर

आमच्या अंधेरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांत तीनदा हा मेसेज आला: ‘जुहूला रात्री चमकणारा प्लवक आपल्याला निम्मा ऑक्सिजन देतो. पनामाचा पिग्मी स्लॉथ नुसता लोंबकळतो, आळसामुळेच नामशेष होतोय. वाचवायचं तर प्लवकाला वाचवा.’ वाचून राहवलं नाही. (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव; स्लॉथ म्हणजे झाडाला लोंबकळून राहणारा संथ प्राणी.)

आधी ऑक्सिजन. जगात प्रकाशसंश्लेषणातून बनणारा साधारण निम्मा ऑक्सिजन समुद्रात बनतो, एवढं खरं. पण तो जवळजवळ सगळा तिथल्याच जिवांच्या श्वसनात आणि कुजण्यात संपतो. आपण छातीत भरतो तो साठा कोट्यवधी वर्षांत साचलेला आहे.

शिवाय समुद्रात ऑक्सिजन बनवणारे प्लवक वेगळे. जुहूला चमकतो तो नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. तो स्वतः अन्न बनवत नाही, इतर प्लवकांना गिळून जगतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकारात मात्र जिवंत शैवाल राहतं आणि तेच त्याला अन्न पुरवतं. गंमत म्हणजे स्लॉथच्या केसांतही हिरवं शैवाल वाढतं.

मी ते पाणी ओंजळीत घेऊन पाहिलंय. हात स्थिर धरले की काळंशार, जरा हलवले की बोटांच्या फटींतून निळ्या ठिणग्या. एकेक पेशी फार तर २ मिलिमीटरची. पण ही चमक समुद्र निरोगी असल्याची खूण नव्हे. हिरव्या नॉक्टिल्युकाला कमी ऑक्सिजनचं पाणी मानवतं, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. अरबी समुद्रात त्याचे थरच्या थर येतात. त्याला वाचवण्याची वेळ आलेली नाही.

मेसेजमधल्या फोटोतल्या प्राण्याच्या पुढच्या पायाला दोनच नखं आहेत. पिग्मी स्लॉथला तीन असतात.

आता आळस. पानांतून पोषण जेमतेम मिळतं, म्हणून स्लॉथ शक्ती जपून हलतो. हे त्याचं जगण्याचं तंत्र आहे, आणि पोहतो तर उत्तम. २००१ साली वेगळी जात म्हणून नोंदला गेलेला हा प्राणी जगात फक्त एस्कुदो दे व्हेराग्वास या बेटावर आहे. बेट जेमतेम ४ चौरस किलोमीटरचं. तिथली खारफुटी तोडली की त्याला मुख्य भूमीवर जायला वाट नाही. धोका आहे तो यामुळे. तिवरं भरावाखाली गेली की काय होतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला हवं का?