बुटाचं टोक चाकाला लागतं म्हणून फ्रेम बदलू नका

ठाण्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रोड बाइकवर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागत असेल तर फ्रेम लहान पडली. एक साइज मोठी घ्या, नाहीतर उतारावर वळताना पाय अडकून तोंडावर आपटाल. तोवर सीट मागे सरकवा.’

आधी ‘फ्रेम लहान पडली’ बघू. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिमी. पेडलच्या आसापासून बुटाचं टोक साधारण 105 मिमी पुढे. 622 मिमीच्या रिमवर 25 मिमीचा टायर चढवला की चाकाची त्रिज्या 336. बेरीज 611. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला बसणाऱ्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँक जिथे फिरतो तो सांधा) पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर बहुधा 570-580 मिमीच असतं. म्हणजे फ्रेम अगदी मापाची असली, तरी चाक वळलं की टोक लागणारच. फ्रेम माणसाप्रमाणे लहान होते, चाक मात्र सगळ्यांना तेच. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतींच्या नियमांतही हे अंतर 54 ते 65 सेंटिमीटर असं दिलंय; 54 चालतं म्हटल्यावर टोक लागणं त्यांनी गृहीत धरलेलंच आहे.

एक साइज मोठी घेऊन हे अंतर जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, तीस मिमीची तूट काही भरत नाही. हँडल मात्र लांब जातं. मग घोडबंदर रोडवर तासभर हात ताणून, मान आखडून चालवत बसा. टोक लागतं ते कधीमधी. मान दुखणार रोज.

‘उतारावर आपटाल’ हे वाचून घाबरणारे जास्त, म्हणून हिशेबच मांडतो. 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 25 किमीने गेलात, तर सायकल अठराएक अंश कलते, पण चाक वळतं जेमतेम चार अंश. बुटाला टेकायला ते साधारण पंधरा अंश वळावं लागतं. वेगात आपण हँडल फिरवून वळत नाही, कलून वळतो. त्यामुळे येऊरचा डोंगर उतरताना ही भीती बाळगायचं कारण नाही.

येऊर चढताना मात्र आहे. उपवनकडून वर जाताना दम संपलेला, वेग चालण्याइतका, आणि समोरून गाडी आली म्हणून हँडल झटकन फिरवलं, तर टोक लागतं. यू-टर्नला आणि सिग्नलवरून निघतानाही तसंच. अशा वेळी क्लीट (बुटाच्या तळाची खाच) पेडलमध्ये अडकलेली असेल तर माणूस आडवा होतो, हे कबूल. उपाय पायातच आहे. चाक उजवीकडे वळलं की त्याची मागची कड डावीकडे येते, म्हणजे लागतो तो वळणाच्या बाहेरचा पाय. संथ वळणावर आतला पाय पुढे धरा आणि पूर्ण फेरी न मारता पेडल अर्धं-अर्धं मागेपुढे करत निघा. फिक्सी, म्हणजे चाकाबरोबर पेडल फिरतच राहणारी सायकल, चालवणाऱ्यांना पेडल थांबवता येत नाही, त्यांनी हा धोका खरोखर मनावर घ्यावा.

राहिली सीट. हा सल्ला कुणी शोधून काढला कोण जाणे! सीट कितीही मागे नेली तरी बॉटम ब्रॅकेट जागचं हलत नाही, पेडल तिथेच फिरतं. उलट गुडघ्याचा कोन बिघडतो. हँडल धरून ठेवणारा स्टेम बदलूनही काही होत नाही.

फरक पडतो तो असा: 165चा क्रँक लावला की 5 मिमी सुटतात. टायर 28चा काढून 32चा टाकला की 4 मिमी जातात. क्लीट टाचेकडे सरकवली तर टोक आणखी पुढे येतं. फ्लॅट पेडलवर पाऊल मध्यावर ठेवणाऱ्यांचंही तेच, वर जाड रनिंग शूज असले तर बघायलाच नको. आणि पावसाळ्यात पूर्ण लांबीचं मडगार्ड बसवलंत की आधी न लागणारा बूटही लागायला लागतो.

लहान मुलांच्या किंवा बाजारहाटाच्या सायकलीला मात्र हा दोषच म्हणावा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमात पाय न बांधणाऱ्या पेडलच्या सायकलीला पेडल आणि पुढच्या टायरमध्ये 89 मिमी जागा सक्तीची आहे. पाय बांधणाऱ्या पेडलच्या सायकलींना त्यातून सूट आहे.

नवी सायकल घेताना दुकानासमोरच, आपलेच बूट घालून, क्रँक आडवा करून हँडल दोन्हीकडे फिरवून बघा. किती लागतं ते तिथेच कळेल.