खुलासा : एसजीपीटी वाढणं ही चांगली खूण नाही

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतर औषधं मारायचं काम सुरू झालं की तासगाव-मिरजेकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो : ‘फवारणीनंतर हळद-गुळाचं पाणी प्या, एसजीपीटी वाढेल, म्हणजे लिव्हर विष बाहेर टाकतंय.’

हे चूक आहे. लॅबमध्ये लिव्हरच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट मी रोज काढतो, म्हणून लिहितोय. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं घडवणारं प्रथिन. पेशीला इजा झाली की ते रक्तात गळतं आणि आकडा चढतो. ते राखणदार नाही, पोत्याला भोक पडल्यावर सांडलेलं धान्य आहे. राखण करणारी एन्झाइम वेगळी : ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज विषारी रेणूला ग्लुटाथायोन (शरीरातच बनणारा एक रेणू) जोडून बाहेर काढायला सोपं करतं, कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं. नेहमीच्या रिपोर्टात ती दिसतही नाहीत.

शिवाय एन्झाइम जास्त म्हणजे बरंच, असंही नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाला जास्त विषारी रूप देतात ती लिव्हरमधलीच काही एन्झाइम!

सांगलीच्या हळदीला नावं ठेवायची माझी काय बिशाद? भाजीत घालाच, पण विषबाधेवर ती उतारा नाही. फवारल्यावर उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक असं झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. औषधाच्या बाटलीवरचं लेबल डॉक्टरांना दाखवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. एसजीपीटी वाढलेला असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, फवारणी करता हेही सांगा.