छपराचं बिल आणि वहिनींचे पंधराशे

झ्युरिकजवळच्या ज्या गावात मी राहतो, तिथे दर डिसेंबरला ग्रामसभा भरते. मी इथला नागरिक नाही, त्यामुळे मला मत नाही. मागच्या खुर्चीवर बसून ऐकता येतं. गेल्या सभेत शाळेच्या व्यायामशाळेचं छप्पर बदलायचा ठराव होता. एक आजोबा उठले आणि विचारलं, छप्पर बदलायलाच हवं, पण आमचा कर कितीने वाढणार? हिशेब बघणाऱ्या बाईंनी आकडा सांगितला. थोडी कुरकुर झाली, मग हात वर झाले. खर्च आणि त्याचा भार, दोन्ही एकाच संध्याकाळी ठरले, आणि ठरवणारे तेच भरणारे. इथे कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की आयकर पगारातून कापत नाहीत, बिल घरी येतं. त्यात कँटनचा, म्हणजे राज्याचा वाटा वेगळा आणि गावाचा वेगळा. त्या छपरातला माझा वाटा मला नेमका ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात निफाडच्या वहिनींशी फोनवर लाडकी बहीण योजनेवरून माझं वाजलं. "भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावावर दर महिन्याला पैसे येतात. ते तुमच्या डोळ्यांत का खुपतात?"

खुपत नाहीत. साड्या, शिधा, शिलाई मशीन वाटण्यापेक्षा रोख रक्कम थेट बाईच्या खात्यात जाणं कधीही चांगलं, हे बाजारावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने मोकळेपणी मान्य करावं. तिला काय हवं ते मंत्रालयापेक्षा तिला जास्त कळतं. वाटपाचं कंत्राट नाही, की गावातल्या पुढाऱ्याची मेहेरबानी नाही.

माझं भांडण बिल न दाखवण्याशी आहे. जून २०२४ मध्ये १५०० रुपयांची घोषणा झाली, नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि प्रचारात आकडा २१०० वर गेला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे होती आणि राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेली उधारी. ती फेडायची वहिनींच्या नातवंडांनी, ज्यांना कुणी विचारलेलं नाही.

महाराष्ट्राला बिल दाखवणं जमत नाही असं कुणी म्हणू नये. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ साली वेगळा व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर तो छापून येऊ लागला आणि गावात खडी फोडणाऱ्याला त्यातून मजुरी मिळाली. पुण्यात नोकरीला असताना माझ्याही पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे. तसाच 'लाडकी बहीण कर' लावा आणि त्यावर निवडणूक लढवा. मी तिथे मतदार असतो तर कदाचित बाजूनेही मत दिलं असतं.

स्वित्झर्लंडही काही मुक्त बाजाराचं देवघर नाही. इथल्या शेतकऱ्याला भरघोस अनुदान मिळतं, वर आयातशुल्काचं कुंपण आहे. मार्च २०२४ मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन स्वतःला तेराव्या महिन्याचं पेन्शन मंजूर करून घेतलं, तेव्हा पैसे कुठून आणायचे हे ठरलेलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. पण याच मतदारांनी २००१ साली जवळपास ८५ टक्के मतांनी केंद्र सरकारच्या कर्जाला घटनेतच लगाम घातला होता, त्यामुळे पेन्शनच्या पैशांचा प्रश्न टाळून कुणाला पुढे जाता येत नाही.

शेतकरी नेते शरद जोशी इथल्याच बर्नमधली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून परत गेले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा मी वहिनींना ऐकवली. त्या गप्प झाल्या, मग डिसेंबर २०२३ ची आठवण काढली. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले, तेव्हा त्यांचा कांदा विकायचा बाकी होता.

"पंधराशे बंद करा म्हणताय ना," त्या म्हणाल्या, "मग आधी आमच्या कांद्याला हात लावू नका म्हणून सांगा त्यांना. तेवढं झालं की मीच अर्ज मागे घेते."