गळतीप्रीत्यर्थ

परवा सकाळी सहाला पार्किंगमध्ये उतरलो तर माझ्या लोडरच्या पोटाखाली स्टीलची परात. पावसाळ्यात छत गळायला लागलं की आपण ठेवतो तशीच, अगदी नेम धरून, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला. परातीत कपभर ऑईल, त्यात बदामाचं एक पान आणि पोहताना गेलेला एक डास. काठावर कोरलेलं होतं: 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ, २००४'.

कुणी तोंडावर बोललं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. दिवाळीत नवे पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, त्यावर माझ्या मशीननं आफ्रिकेच्या नकाशाएवढा डाग पाडलाय, हे मला दिसतं. पण परातीशी भांडता येत नाही. ती नुसती ठेवलेली असते. वरच्या तिन्ही गॅलऱ्यांकडे बघितलं, तिन्ही रिकाम्या. सकाळी सहाला सांगलीत तीन गॅलऱ्या एकदम रिकाम्या कशा असतात, हे मी काही बोलत नाही.

मशीन म्हणजे स्किड स्टिअर लोडर, पुढं बकेट लावलेलं बुटकं चारचाकी. आमच्याकडे कंपनी कुठलीही असो, त्याला बॉबकॅटच म्हणतात. मी ते तिसऱ्या मालकाकडून घेतलं, म्हणजे चौथा मी. त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची थांबवायची, दुसऱ्या बाजूची फिरवायची, की गडी जागेवर घसरत गर्रकन वळतो. त्यामुळे अरुंद जागेत त्याला तोड नाही. माझं बरंचसं काम तासगाव-पलूसकडच्या पोल्ट्री शेडमध्ये, कोंबड्यांचा लॉट गेला की खाली साचलेलं खत काढायचं. आणि यात कमीपणा काही नाही, कारण हे मशीन जन्मालाच त्यासाठी आलंय. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये केलर नावाच्या दोन भावांनी पहिलं बनवलं ते एका टर्कीवाल्यासाठी. त्याला शेडमधल्या खांबांच्या मधून फिरेल आणि वरच्या मजल्याला झेपेल एवढं हलकं काहीतरी हवं होतं. म्हणजे कोंबड्यांची विष्ठा काढणं हा माझ्या मशीनचा घरंदाज व्यवसाय आहे. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अंघोळ करून या.

तर गळती. गेल्या तीन महिन्यांत हिच्यापायी तीन जणांनी माझ्याकडून पैसे नेले. पहिल्या मिस्त्रीनं लांबूनच सांगितलं, सिलिंडर गेलंय, आणि बकेटच्या दोन्ही सिलिंडरची सील किट बदलली. दुसऱ्यानं नवा होस पाईप क्रिंप करून आणला, जुना पाहिजे का म्हणून विचारलं आणि हो म्हणायच्या आत घेऊन गेला. तिसरा नुसता बघून गेला. "वय झालंय मालक, जाड ऑईल वापरा," म्हणाला आणि पाचशे रुपये घेतले. बरं, बकेट उचलणारं हायड्रॉलिक ऑईल मी ६८ नंबरचं, म्हणजे आधीच जाड, टाकतच होतो. याहून जाड म्हणजे काय, काकवी?

गळतीचा स्वभाव चोरटा असतो. ऑईल निघतं एकीकडून, पाइपाच्या अंगावरून सरपटत चेसीवर येतं, चेसीच्या कडेनं चार फूट चालतं आणि तिसऱ्याच ठिकाणी टपकतं. वर या मशीनचं सगळं आतडं केबिनच्या बुडाखाली: पंप, व्हॉल्व्ह ब्लॉक, एकमेकांच्या गळ्यात पडलेले पाईप. त्याच्या खाली तळप्लेट. त्या प्लेटवर ऑईल, धूळ, कोंबडखत आणि पिसं मिळून जो थर तयार होतो त्याला मराठीत अजून शब्द नाही. तो सायलेन्सरच्या जवळ वाळला तर पेट घेऊ शकतो. त्यामुळे 'चालू दे गळतंय तोवर' म्हणणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर म्हणावं.

पहाटेच्या अपमानानं मी असा पेटलो होतो की ठरवलं, आज मिस्त्री नाही. आज मीच. बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, सगळे लिव्हर मागेपुढे हलवून पाइपांतलं प्रेशर उतरवलं, केबिन मागं उलथली, टेकू लॉक केला. डिझेलनं नव्हे, कपडे धुवायच्या पावडरीनं आणि गरम पाण्यानं सगळं घासायला घेतलं. आणि मागून आवाज आला,

"कुठनं गळालंय?"

आप्पा. पहिल्या मजल्यावरचे. परातीचे मालक, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका गावच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. प्लास्टिकची खुर्ची घेऊनच आले होते. ती सावलीत मांडली, मांडीवर टॉवेल पसरला, शेंगदाण्याची पुडी सोडली.

"तेच शोधतोय आप्पा."

"मग गळती न्हाई ती."

"मग काय आहे?"

"सापडंपातूर तूट. सापडली की गळती." एक दाणा तोंडात. "तूट कागदावर लिवायची आस्ती. गळती दुरुस्त कराय लागती. म्हणून आमी लई शोधायच्या भानगडीत पडत न्हवतो."

मी घासत राहिलो.

"किती धरलीस?"

"काय किती?"

"तूट. टक्क्यात. मंजूर किती हाय तुझी?"

"आप्पा, माझं एकच मशीन आहे. मंजूर कोण करणार?"

"तिथंच चुकतंय तुझं. तरतूद न्हाई केलीस. तरतूद आस्ती तर ही गळती न्हवती, खर्च हुता." मग जरा पुढं वाकून, मायेनं: "सेकंदाला एक थेंब धर."

धरला. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला तीन, तासाला एकशे ऐंशी, आठ तासांच्या कामाला जवळजवळ दीड लिटर. हा हिशोब आप्पांनी तोंडी केला आणि दीड लिटर ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "एवढंच? आमच्या एका व्हॉल्व्हला त्येवढं दोन मिंटात जात हुतं. तरी हौद भरायचा."

इथवर ठीक होतं. पण इंजिन चालू करून बघायची वेळ आली तेव्हा आप्पा खुर्चीतून उठले, थेट मशीनपाशी आले आणि उलथ्या केबिनखालच्या पाइपांकडे हात नेत म्हणाले, "हात फिरीव की त्यावरनं, लगीच कळतंय."

मी ओरडलो. एवढ्या जोरात की वरच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या.

हे गमतीत घ्यायचं प्रकरण नाही, म्हणून सरळ सांगतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते चौरस इंचाला तीस-बत्तीस पौंड. या पाइपांत ऑईल असतं दोन हजारांच्या वर. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर बाहेर पडणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती कातडीतून इंजेक्शनसारखी आत घुसते. वर दिसतो नुसता एक टिंबाएवढा डाग. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन जेवतो. आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही, कापावा लागतो. मलम लावायचं नाही, त्याच तासाला सर्जन गाठायचा. गळती शोधायची ती पुठ्ठा लांबून पुढं धरून, डोळ्यांना गॉगल लावून. मी बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून ठेवलाच होता.

आप्पांना ते लागलं. "चौतीस वर्षं पायपाला हात लावलाय," एवढंच म्हणाले आणि वर गेले. मला वाटलं, सुटलो. पाच मिनिटांत परत आले ते हातात चार फुटी लोखंडी सळई घेऊन. तिच्या एका टोकाला लाकडी गोंडा, घासून काळा झालेला. ही पाणीपुरवठ्यातली ऐकायची काठी. रात्री रस्ते शांत झाले की एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, की जमिनीखालची गळती सूं सूं करत ऐकू येते. हे खरं आहे, अशाच गळत्या शोधतात. आप्पांनी काठी चेसीवर टेकवली, कानाला लावली, डोळे मिटले आणि मला हातानं गप्प राहायची खूण केली. मी गप्पच होतो. चालू होतं ते चार सिलिंडरचं डिझेल इंजिन.

एक मिनिट गेलं. वरच्या मजल्यावरच्या पोरानं मोबाईल काढला.

"काय ऐकू येतंय आप्पा?"

"इंजिन."

पुठ्ठ्यावर काही आलं नाही, म्हणजे धार नव्हती, नुसता पाझर होता. मग शेवटचा उपाय, पावडर. धुतलेलं सगळं कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरायची, दहा मिनिटं मशीन चालवायचं. जिथून ऑईल सुटतं तिथं पहिली काळी रेघ उमटते, पुढं ते कितीही फिरो. बायकोचा मोगऱ्याचा डबा आणला. पावडर लावतोय तोवर वरून आप्पांच्या सूनबाई: "काका, मशीनला बघायला येणारेत का कोण?"

"सांगलीत ऱ्हाऊन पावडर कसली," आप्पा म्हणाले. "हळद टाक." या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ती मी कोंबडखताच्या मशीनवर टाकू? शिवाय हळद लावली की पुढं मुंडावळ्या आल्याच.

दहा मिनिटांनी रेघ उमटली. मागच्या चाकापाशी नाही, सिलिंडरपाशी नाही, नव्या होस पाइपाशी तर नाहीच. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडाला, बकेटच्या लाइनच्या निपलला, म्हणजे पाईप जोडायच्या तुकड्याला. इंजिन बंद करून पुन्हा प्रेशर उतरवलं आणि निपल खोललं तर आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप, लग्नातल्या फेट्यासारखी गुंडाळलेली. आता हे निपल सरळ आट्यांचं. ते आट्यांनी बंद होतच नाही, बुडाशी बसलेल्या ओ-रिंगनं, म्हणजे रबरी कड्यानं होतं. तिथं टेप म्हणजे तुटक्या दाराला तोरण. वर तिचे तुकडे ऑईलबरोबर आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकणार ते वेगळंच. आणि खालची ओ-रिंग? गोल असायची ती चपटी झालेली, वाकवली तर कटकन मोडली. मोगऱ्याचा वास येत होता.

म्हणजे सील किट कशाला बदलली? पाईप कशाला बदलला? टेप लावणाऱ्यानं ओ-रिंग बघितली असणारच, हातात घेतली असणारच. ती परत बसवून वर टेप गुंडाळायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात नवी बसली असती. यावर मला अजून राग येतो, लिहितानाही येतोय. कुपवाडच्या दुकानात ती ओ-रिंग पंधरा रुपयांना. दुकानदार म्हणाला, एक मिळणार नाही, पाकीट घ्या. घेतलं पाकीट. आता माझ्याकडे नऊ जास्तीच्या ओ-रिंगा आहेत आणि टेप लावणाऱ्याचा फोन लागत नाही.

बोटानं थोडं ऑईल चोपडून नवी बसवली, बेतानं आवळली. रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कोरडं ठणठणीत, अग्रलेखासकट.

राहिली परात. तीनदा घासली, लिंबू लावलं, तरी बोट फिरवलं की ६८ नंबर. सूनबाईंनी वास घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे काका, नवीन दिली तरी चालेल." ठेवली होती कुणी? तुम्हीच ना? पण हे मनात.

संध्याकाळी गणपती पेठेत भांड्यांच्या दुकानात गेलो, स्कूटरवर मागं आप्पा. त्यांना परातीची जाडी बघायची होती. चारशे ऐंशी रुपये. दुकानातला पोरगा नाव घालायचं मशीन सुरू करून म्हणाला, "काय घालू?"

मी म्हणालो, काही नको. आप्पा म्हणाले, "नको कसं? भांडं हाय. घाल रे: गळती सापडल्याप्रीत्यर्थ."

पोरानं घातलं. साखर कारखान्याच्या मुलखातला हात तो, वळणानं गेला. घरी आल्यावर उजेडात वाचलं तर 'गळीत सापडल्याप्रीत्यर्थ'. परत नेली तर म्हणाला, पुसता येत नाही. अक्षराचे पैसे मात्र वेगळे लावले होते, वेलांटीसकट.