अकरा सेकंदांचं दूध

आमच्या घरच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त दूध उतू जातं.

क्वीन बँडच्या त्या गाण्यात, बरोबर ‘बिस्मिल्ला’ या शब्दानंतर. गळे एकमेकांवर तुटून पडलेले असतात, तेवढ्यात खट्ट होतं आणि आजी ओरडते, "अगं, दूध बघ, उतू चाललंय!" पाठोपाठ भांड्याचा आवाज. अकराव्या सेकंदाला पुन्हा खट्ट, आणि मंडळी तोवर जिथे पोचली असतील तिथून पुढे गायला लागतात. हा पराक्रम माझा. साल १९८६, वय वर्षं सहा. टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरचं, लाल रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर काय होतं, ते बघायचं होतं.

बाबांनी पुण्याच्या मित्राकडून ‘अ नाइट ॲट दी ऑपेरा’ ही क्वीनची १९७५ची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, कोऱ्या सी-नाइन्टीवर, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, भरून आणली होती. अख्खा अल्बम एका बाजूला मावला, दुसऱ्या बाजूला अभंग. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन खुंट्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. त्या बाबांनी त्याच संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हरने मोडल्या. बैल गेला अन् झोपा केला.

आम्ही वाईचे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, मूळ नाव फारुख बलसारा, नाव काढलं इंग्लंडात. पण शाळा? पाचगणीची, सेंट पीटर्स! वयाच्या आठव्या वर्षी तिथे आला, तिथेच पोरांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो बडवला. एवढं भांडवल बाबांना पुरे होतं. "पसरणीच्या घाटातून वर-खाली केलेलं पोर आहे ते," असं ते भाच्याविषयी बोलावं तसं बोलत. टेबललँडवरचे घोडे बघायला आलेल्या पाहुण्यांना आधी शाळेच्या फाटकासमोर उभं केलं जाई. पाहुणे बिचारे चपला काढायच्या का, असं नजरेनं विचारत.

या भक्तीची खरी झळ माझ्या दातांना बसली. फ्रेडीला वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे. शाळेत पोरं त्याला ‘बकी’ म्हणत. दात काढले तर आवाज बिघडेल, या भीतीनं त्यानं ते ठेवले. माझे सुळे आडवे यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तार सुचवली. बाबा म्हणाले, "राहू देत. काय सांगता येतं?" आता सांगता येतं. मला आरतीसुद्धा सुरात येत नाही, आणि कणीस मी तिरकं धरून खातो.

तर मुद्दा अकरा सेकंदांचा. गेल्या महिन्यात मुलानं मोठ्या स्पीकरवर ते गाणं आजोबांना ऐकवलं. बाबा डोळे मिटून बसले. ‘बिस्मिल्ला’ आलं, गेलं. बाबांनी डोळे उघडले. "ह्यात काहीतरी कापलंय."

"आजोबा, हे ओरिजिनल आहे."

"मग ओरिजिनल अर्धवट आहे. आपलं लाव."

आपलं लावणं म्हणजे काय, हे ज्यानं माळ्यावरचा टू-इन-वन उतरवलाय त्यालाच कळेल. आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं. नवा बेल्ट शोधायला दोन रविवार गेले. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. कॅसेट घातली, तर फीत दाबून धरणारा स्पंजचा तुकडाच निखळून खडखडत होता. तो चिमट्यानं चिकटवला. मग फ्रेडी गायला लागला, पण दमेकऱ्यासारखा, आणि दुसऱ्या मिनिटाला फीत रोलरला गुंडाळली गेली. पेन्सिलीनं कॅसेट गुंडाळायचा विनोद जगानं करून झालाय, मी करत नाही. एवढंच सांगतो, की घरात पेन्सिल नव्हती. दीड फूट चुरगळलेली फीत मी करंगळीनं आत घेतली आणि बाबा शेजारी बसून "हळू, आई आहे त्यात" म्हणत होते.

मला घाम फुटला तो तेव्हा. आजीला जाऊन बारा वर्षं झाली. तिचा फोटो आहे, चष्मा आहे, अडकित्ता आहे. आवाज तेवढा एकाच ठिकाणी, तोही क्वीनच्या पोटात. गाण्याच्या त्या भागासाठी क्वीनमधल्या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले, की मूळ टेपवरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली होती म्हणे. चौथा, जॉन डिकन, त्यात गायलाच नाही. आमच्या प्रतीत ती जागा आजीनं भरून काढली आहे.

चौथ्या खेपेला टेप सलग चालली. मी फोन रेकॉर्डिंगला लावून श्वास रोखून बसलो. मुलाला खुणेनं गप्प केलं. गॅलिलिओ झाला, फिगारो झाला, ‘बिस्मिल्ला’ झालं. खट्ट.

"अगं, दूध बघ, उतू चाललंय!"

"हो आई, बघते," असं म्हणत माझी आई सोफ्यावरून उठली आणि गुडघे धरत स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

फोनवरच्या नव्या प्रतीत आता तिचंही येतं.