मोठ्या आतड्याचा कर्करोग उलटला म्हणजे शस्त्रक्रियेचा रस्ता संपला, हे खरे नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर उलटला तर ऑपरेशन करू नका, सुरी लागली की तो अंगभर पसरतो, परत आला म्हणजे चौथी स्टेज आणि तिथून कोणी वाचत नाही, डॉक्टर फक्त बिलासाठी पोट उघडतात, असा त्याचा आशय आहे. कळव्याच्या एका काकूंच्या फाइलमध्ये सीईएचा (रक्तातला एक घटक, तो वाढत गेला तर हा कर्करोग उलटल्याची शंका येते) आकडा 3 वरून 11 आणि मग 26 वर गेलेला होता, सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागात एकच गाठ दिसत होती, आणि हा संदेश वाचून त्यांच्या मुलाने सर्जनची अपॉइंटमेंट रद्द केली होती. अशा वेळी गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

सुरीने कॅन्सर पसरतो हा समज जुना आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच काही पेशी रक्तावाटे यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचलेल्या असू शकतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की स्कॅनमध्ये दिसत नाहीत, पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्यांची गाठ होते आणि घरचे लोक दोष ऑपरेशनला देतात. या भीतीत तथ्याचा एक अंश मात्र आहे: यकृतातली गाठ काढण्याजोगी असेल तर तिच्यात सुई घालून तपासणी करणे सर्जन शक्यतो टाळतात, कारण सुईच्या मार्गात पेशी सांडण्याचा धोका असतो. पण म्हणूनच अशी गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढतात.

‘चौथी स्टेज’ हा शब्द सर्वांत जास्त घाबरवतो, आणि इथेच संदेश सर्वाधिक चुकतो. रोग कुठे उलटला, किती ठिकाणी आणि तो पूर्ण काढता येईल का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. यकृत पुन्हा वाढते. निरोगी यकृताचा साधारण चौथा हिस्सा शिल्लक राहिला तरी शरीराचे काम चालू शकते. यकृतातल्या गाठी पूर्ण काढता आलेल्या, नीट निवडलेल्या रुग्णांपैकी 100 मागे सुमारे 40 ते 50 जण पाच वर्षांनंतरही हयात असतात आणि काही कायमचे बरे होतात. अर्थात यकृतात रोग पसरलेल्यांपैकी सुरुवातीलाच शस्त्रक्रियेयोग्य ठरणारे साधारण पाचातले एकच असतात. काहींच्या गाठी केमोथेरपीने लहान होऊन नंतर काढता येतात. निम्म्याहून अधिक जणांमध्ये रोग पुन्हा डोके वर काढतो, आणि त्यांतल्या काहींवर दुसऱ्यांदाही शस्त्रक्रिया करता येते.

सर्जन नेहमी ऑपरेशनच सुचवतात, हेही खरे नाही. पोटातल्या मूळ जागी उलटलेली गाठ महाधमनीला वेढून बसली असेल, किंवा रोग अनेक अवयवांत विखुरला असेल, तर जबाबदार सर्जन स्वतःच नकार देतात, कारण गाठ अर्धवट काढून आयुष्य सहसा वाढत नाही. पोटाच्या अस्तरावर पसरलेल्या रोगासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात गरम केमो सोडण्याचा खर्चिक उपाय केला जातो. फ्रान्समधल्या प्रॉडिज-7 चाचणीत ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचे औषध वापरून केलेल्या या उपायाने नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा आयुष्य वाढले नाही, आणि 2021 साली हे जाहीरपणे छापून आणणारे डॉक्टरच होते.

खर्चाची चिंता खरी आहे, पण परळचे टाटा रुग्णालय आणि ठाणे-पनवेल लोकलने खारघरला उतरून गाठता येणारे टाटाचेच ॲक्ट्रेक ही सरकारी अर्थसाहाय्यावर चालणारी केंद्रे आहेत. दुसरे मत तिथे घ्यावे, आणि जाताना जुना पॅथॉलॉजी अहवाल व स्कॅनच्या सीडी सोबत न्याव्यात. सर्जनला एकच थेट प्रश्न विचारावा: गाठ पूर्ण निघेल का, आणि आत्ता नसेल तर केमोनंतर निघू शकेल का?

आतड्याचा कर्करोग उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत. म्हणून या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए आणि डॉक्टर सांगतील तेव्हा स्कॅन चुकवू नये, कारण काढता येईल अशी गाठ बहुधा याच तपासण्यांत, कोणतेही लक्षण जाणवण्याआधी सापडते.