पेग मोजता, कप कोण मोजतो?

गोव्यात कोण किती पितो, कुणी सोडली, कोण पुन्हा लागला, सगळा हिशोब वाड्यावर असतो. चहा-कॉफीचा मात्र कुणीच ठेवत नाही.

फोंडा-डिचोलीकडच्या तालमी बघा. कला अकादमीची नाट्यस्पर्धा जवळ आली की मध्यरात्रीपर्यंत किटली फिरते. सकाळी वेर्ण्याला ड्युटी, म्हणून उठल्या उठल्या कडक कॉफी, दुपारी परत चहा. काही दिवसांनी हाच माणूस सांगतो, "छातीत धडधडतं, झोप लागत नाही, टेन्शन आलंय." असेलही टेन्शन. पण चहा-कॉफीतल्या कॅफीनने, ते जास्त झालं की, धडधड, हात थरथरणं, उगाच बेचैनी हे सगळं अगदी तसंच होतं. मुळात चिंतेचा त्रास असेल तर आणखी वाढतं. अशा वेळी डॉक्टरांनी आधी "चहा किती?" विचारावं असं मला फार वाटतं.

कॅफीन थकवा घालवत नाही. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं, त्याने पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, एवढंच. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास. संध्याकाळी सात वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री बारा वाजता तुमच्यासोबत जागंच असतं. गरोदरपणात तर त्याहून जास्त वेळ.

चहा सोडा म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन, गरोदर बाईला २०० पर्यंत चालतं, असं युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली सांगितलंय. दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही. फक्त जेवणाला लागून घेऊ नका, विशेषतः रक्त कमी असेल तर. अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

राग आहे तो एनर्जी ड्रिंकवर. २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५-८० मिलिग्रॅम कॅफीन. मुलांसाठी नाही असं त्याच्यावरच छापलेलं असतं, तरी दहावीतल्या पोराला दुकानदार काढून देतो. मोठे तेच व्होडकात ओततात! नशा कमी वाटते, रक्तातली दारू तेवढीच राहते, आणि "मी एकदम ठीक आहे रे" म्हणत गडी स्कूटरला किक मारतो.

कमी करायचं तर एकेक कप करत करा. एकदम तोडलं की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि लोक पुन्हा किटलीकडे वळतात. आमच्या तालमीत रात्री नवानंतर कोकम सरबत सुरू केलंय. नटांनी थोडी कुरकुर केली, दिग्दर्शकाने सगळ्यात जास्त.